एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

शेकोटीत अजून एक लाकूड घाला. आणि सगळ्यांनी गळ्यातले बिल्ले शर्टाच्या आत घ्या बरं. हसू नका. पहाटेच चढायचं म्हणून ते आजच मिळालेत, उद्या उतरल्यावर फाटकावरच्या चौकीत परत द्यायचे आहेत, हरवून चालणार नाही. मामा भित्रा आहे असं म्हणायचं असेल, तर गोष्ट ऐकून म्हणा.

गोष्ट माझ्या साडूची. साडूबद्दल सहसा कुणी चांगलं बोलत नाही, पण हा माणूस खरंच सरळ होता. याच उद्यानाच्या फाटकावर त्याने एकोणीस वर्षं नोकरी केली. काम तसं सोपं. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा, उतरला की परत घेऊन त्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचा. चौकीच्या भिंतीवर साठ खिळे. संध्याकाळी साठही भरले की पायवाटेच्या फाटकाला कुलूप. एक जरी खिळा रिकामा राहिला, तर टॉर्च घेऊन वर शोधायला जायचं.

आता लोक कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. आठवण म्हणून बिल्ला खिशात घालायचा आणि मागच्या वाटेने पसार व्हायचं. साडू बिचारा रात्रभर डोंगर पालथा घालायचा, आणि तो गृहस्थ घरी पंख्याखाली घोरत असायचा. असं चार-पाच वेळा झालं, तेव्हा साडूने शहाणपणा केला. किल्ल्या बनवणाऱ्याकडून साठही नंबरांचे जादा बिल्ले करून आणले. खिळा रिकामा दिसला की जादाचा अडकवायचा आणि घर गाठायचं. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. एकदा खपलं की माणूस सोकावतो.

नोव्हेंबरातला दुसरा रविवार होता. अंधार पडला तरी एक्केचाळीस नंबरचा खिळा रिकामा. घरून बायकोचे दोन फोन येऊन गेले होते, मुलगी तापाने फणफणली होती. साडूने दहा मिनिटं वाट पाहिली, डोंगराकडे तोंड करून दोन हाका मारल्या, आणि जादाचा बिल्ला अडकवून तो घरी गेला.

सोमवारी दुपारी एक घड्याळजी आले. घड्याळं दुरुस्त करणारे वयस्कर गृहस्थ, शर्टाच्या खिशात भिंग. त्यांचा एकुलता एक मुलगा रविवारी डोंगर चढायला म्हणून निघाला होता, तो घरी आलाच नव्हता. साडूने भिंतीकडे बोट दाखवलं. साठ खिळे, साठ बिल्ले. घड्याळजींनी एवढंच विचारलं,

"त्याने तुमच्या हातात दिला?"

साडू म्हणाला, "हो."

नोकरी जाईल, त्या क्षणी त्याला एवढंच दिसलं. मग पोलिसांनी बसस्टँड पाहिलं, मित्रांची घरं पाहिली. डोंगर कुणीच पाहिला नाही. खाली उतरलेल्या माणसाला वर कोण शोधणार? गुरुवारी साडू एकटाच गुपचूप पायवाटेने फिरून आला. काही दिसलं नाही. बापाशी भांडून गेला असेल पोरगा, अशी त्याने मनाची समजूत घातली.

घड्याळजी मात्र दर रविवारी यायचे. फाटकाजवळच्या बाकावर बसायचे. निघताना तोच प्रश्न, आणि साडूचं तेच उत्तर. मला हे सांगताना तो ढसाढसा रडला होता. म्हणाला, "पहिलं ‘हो’ तोंडातून निसटलं रे. बाकीची सगळी मी म्हणालो."

धाकटे, जवळ येऊन बस हवं तर.

असे एक्कावन्न रविवार गेले. बावन्नाव्या रविवारी घड्याळजी विचारून गेले, अंधार पडला, साडूने खिळे तीनदा मोजले. साठही भरलेले. त्या रात्री चौकीत राहायची पाळी त्याचीच होती. फाटकाखालच्या इथल्या या तंबूंमधले दिवे एकेक करून विझत होते. रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. चौकीच्या खिडकीवर टकटक झाली.

खिडकीतून एक हात आत आला. हातात बिल्ला.

"काका, उशीर झाला. घ्या."

इतक्या वर्षांची सवय. साडूने मान वर न करता बिल्ला घेतला. गार होता. खूप गार. तो भिंतीकडे वळला. नंबर पाहिला.

एक्केचाळीस.

खिळ्यावर एक्केचाळीस आधीच होता.

साडू तसाच उभा. पाठ खिडकीकडे.

"काका... तो कुणाचा?"

साडूने हातातला बिल्ला मुठीत आवळला.

"मी तर वर होतो... मग माझ्या जागी खाली कोण आलं?"

बाहेर किडे किरकिरत होते. तेही थांबले.

"आता दिला ना... तुमच्या हातात?"

साडूने मान हलवली. हो.

...

बऱ्याच वेळाने त्याने वळून पाहिलं. खिडकी बंद होती. कडी आतून.

उजाडायचीही वाट न पाहता त्याने घड्याळजींना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर जाऊ दे. सकाळी माणसं वर चढली. तिसऱ्या वळणाखालच्या घळीत तो सापडला. पाय मोडलेला. हाताशी शिट्टी. गळ्यात बिल्ल्याची दोरी, दोरीला काही नाही. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर लगेच गेला नसणार, फार तर दोन दिवस काढले असतील. म्हणजे त्या रविवारी रात्री कुणी टॉर्च घेऊन वर गेलं असतं तर... साडू हे वाक्य कधीच पुरं करत नाही. मीही करत नाही.

घड्याळजी चौकीत आले. त्यांनी फक्त तो गार बिल्ला मागून घेतला. डोळ्याला भिंग लावलं. बिल्ला उलटा केला. मागे दगडाने ओढलेल्या बारीक रेघा होत्या, दिवसाला एक ओढावी तशा. साडूला वाटलं, दोन असतील. फार तर तीन.

घड्याळजी मोजत राहिले. नुसते ओठ हलत होते.

तीनशे चौसष्ट.

बावन्न आठवड्यांचे दिवस तेवढेच होतात. सगळ्या रेघा गंजलेल्या होत्या. शेवटची सोडून.