मधली पायरी

घर बघायला आलेला माणूस आपलं मन फाटकापाशीच ठरवतो. पुढे तासभर तो नळ सोडून बघतो, माळ्यावर डोकावतो, दारं उघडून मिटतो, ते नुसतं ठरलेल्या मनाला दुजोरा द्यायला. दर्शनीताईचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता. कुणाचं घर विकायला निघालं की ती आठ दिवस मागून घ्यायची आणि घराचा रस्त्याकडचा चेहरा बदलून द्यायची, तोही किरकोळ खर्चात. भिंत पाडायची नाही, छपराला हात लावायचा नाही. फाटक घासायचं, दार रंगवायचं, वाळक्या कुंड्या मागे सरकवायच्या, पिवळट दिवा काढून पांढरा लावायचा. दमल्याभागल्या बाईचं तोंड धुऊन, भांग काढून तिला उन्हात बसवावं, तसं. दर्शनीताई हे नाव दलालांनीच ठेवलेलं, आणि ती ते मिरवायची.

हाताने बघायची तिची सवय होती. रंग चढला की डोळे फसतात. म्हणून ती भिंतीवर, कठड्यावर, फरशीवर तळहात टेकवून सावकाश फिरवायची. कुठे फुगलंय, कुठे खचलंय, कुठे ओल धरलीय, सगळं तळहात सांगायचा. "ताईंच्या हाताला डोळे आहेत," मिस्त्री म्हणायचा. तो तिचा गवंडी, बारा वर्षांचा जोडीदार, कामाला चोख आणि तोंडाला सैल.

या वेळचं घर तिच्या आईचं होतं.

गल्लीच्या टोकाचं, बैठं, दोन खोल्यांचं. पुढे लहानसा ओटा आणि ओट्याला तीन दगडी पायऱ्या. सहा महिने घर विकायला काढलं होतं. लोक यायचे, फाटकाशी उभे राहायचे, "बघतो, कळवतो" म्हणायचे आणि चालू लागायचे. काही तर फाटकाच्या कडीलाही हात लावायचे नाहीत. मागच्या वर्षी आई याच पायऱ्यांवर पडून मनगट मोडून बसली होती. ताईने आपल्याच इमारतीत, तळमजल्यावरची खोली तिच्यासाठी बघून ठेवली होती, आणि खोलीचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर नाही. आईची मात्र एकच अट.

"घराला कुलूप घालून मी निघायची नाही. कुणाच्या तरी हाती देईन, मग येईन. बंद घर म्हणजे दारात ताटकळत ठेवलेलं माणूस गं."

म्हणजे महिन्यात घर गेलं तर आई जवळ येणार होती. नाहीतर ती इथे एकटी, आणि पुढच्या वेळी मनगटावर भागेलच असं नाही.

"महिना कशाला, मला आठ दिवस पुरे," ताई म्हणाली.

पायऱ्यांचं काम तिने मुद्दाम पहिले दोन दिवस मागे ठेवलं होतं. कारण त्या घरात मधल्या पायरीवर कुणी पाय ठेवत नसे. पहिली, मग थेट तिसरी. पाहुण्यांना कुणी सांगायचं नाही. ते आपले चढायचे धडाधड. घरच्यांनी मात्र ओलांडायची. ताई चालायला लागली तेव्हा आईने तिला कडेवरून उतरवून, बोट धरून शिकवलं होतं, गाण्यातूनच:

पहिली पायरी माझी, तिसरी माझ्या लेकीची,
मधली कुणाची गं? वाट पाहणाऱ्या एकीची.

आईला ते तिच्या सासूने शिकवलं. सासूला कुणी, ते कुणी विचारलं नाही. शिकवलेलं विचारत बसायची त्या घरात रीत नव्हती. आणि हीच ती ढांग, जी चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईला झेपली नाही.

"तू पायरीवर पडली नाहीस, पायरी चुकवताना पडलीस," ताई म्हणाली. "आता ती नीट करते म्हणजे चुकवायचं कारणच उरणार नाही."

आई ओट्यावर बसून लोकर गुंडाळत होती. "कर बाई. तुझ्या हाताला यश आहे. पण ती आपली नाही, एवढं लक्षात ठेव."

"मग विकायची कशी? दोन पायऱ्यांचं घर विकायला आहे, मधली सोडून, अशी पाटी लावू?"

आई हसली. मग हसायची थांबली, आणि लोकर पुन्हा गुंडाळू लागली.

तिन्ही पायऱ्यांत झिजली होती ती मधलीच. लहानपणी ताईच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. आता धंद्याच्या नजरेला पहिल्या झटक्यात दिसलं. दगडाच्या मधोमध चांगला बोटभर खळगा. दूधवाले, पोस्टमन, पाहुणे, असं म्हणत तिने मनाशी हिशेब जुळवला. पण तेच दूधवाले पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवरूनही गेले होते, आणि त्यांच्या कडा अजून शाबूत होत्या.

मिस्त्रीकडे त्यावर जुनी युक्ती होती. "नवा दगड कशाला? आहे तोच उलटा घालू. खालची बाजू कोरी करकरीत असते. पाव्हण्यांना वाटेल, काल बसवलाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने आणि रंगाऱ्याने पहार घातली. दगड सुटला तो अगदी अलगद, जणू नुसता ठेवलेला. दोघांनी तो कडेवर उभा केला, मग पालथा पाडला.

खालच्या बाजूलाही खळगा होता.

वरच्यापेक्षा खोल. आणि स्वच्छ. मातीत पडलेल्या दगडाला चिकटलेली माती असते, मुळांच्या रेषा असतात, किड्यांची घरं असतात. इथे काहीच नव्हतं. रोजच्या वाटेवरच्या दगडावर चढते तशी तुकतुकी तेवढी होती.

मिस्त्रीने डोक्यावरची टोपी मागे सारली. "घ्या! आपल्या आधी कुणीतरी शहाणा होऊन गेला की. त्यानेपण उलटलेला दिसतोय."

"तसंच असणार," ताई म्हणाली. ते पटण्यासारखंच होतं.

दगडाखालची माती मात्र दगडाला टेकलेली नव्हती. मधे वीतभर पोकळी होती, कोरडी, चारी बाजूंची माती चापून बसलेली. रंगारी म्हणाला, घुशीने पोखरलंय. पण घुशीला आत-बाहेर करायला भोक लागतं, आणि ते कुठे दिसेना. मिस्त्रीने जास्त विचार न करता दोन घमेली खडी तिच्यात ओतली आणि ठोकून धुमसली.

ताईने तोवर गुडघ्यावर बसून दगडावर तळहात फिरवला. आधी खालच्या खळग्यात. टाच, मग चवडा, मग अंगठ्याचा गोल. डावा पाय. मग दगड कलता करायला सांगून जुन्या बाजूवर. टाच, चवडा, अंगठा. तो उजवा.

एक पाय वर, एक खाली.

तिने हात पदराला पुसला. "मिस्त्री, डाव्या बाजूला मसाला भरा. दगडाची पूड जास्त, सिमेंट बेताचं, म्हणजे रंग जुळेल."

"डाव्या बाजूला म्हणजे?"

"म्हणजे या. वरच्या."

खळगा भरला, घासला, पाणसळ ठेवून तपासला. बुडबुडा बरोबर मधे उभा राहिला. ओली गोणपाटं टाकून झाली तेव्हा आई दारात आली.

"बुजवलंत?"

"हो आजी, आता नाचा त्यावर," मिस्त्री म्हणाला.

"आणि दगड उलटा झाला."

"झाला."

आईने उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बघितलं, मग बाहेर, कुणी आधी यायचं ते ठरवत असल्यासारखं. आणि दारातून बाजूला सरली.

दुसऱ्या दिवशी पायरी देखणी झाली होती. ओट्याला आदल्या दुपारी लाल रंग दिला होता. त्यावर मात्र एक पाऊल उमटलं होतं. डावं. त्याच्या मागे नाही, पुढे नाही, शेजारी उजवं नाही.

ताईने रंगाऱ्याला फैलावर घेतलं.

"माझ्या पायात बूट होते ताई! आणि एका पायाने मी कशाला जाऊ, लंगडी खेळायला आलोय का?"

"मग काय मांजर लंगडी घालत गेलं?"

"एवढं मोठं मांजर असेल तर मी उद्यापासून येत नाही," रंगारी म्हणाला आणि सगळेच हसले. त्याने ब्रश फिरवला. पाऊल गेलं.

पाचव्या दिवशी ते उंबऱ्यावर होतं, ताज्या वार्निशात. सहाव्या दिवशी आतल्या फरशीवर, ओलसर, पंख्याखाली वाळत चाललेलं. ताई ते वाळेपर्यंत बघत उभी राहिली. मग तिने फाटकाला शेवटचा हात दिला, त्यावरचा घराचा नंबर नव्या पितळी आकड्यांत बसवला, कुंडीतल्या फुलांची तोंडं रस्त्याकडे केली. काम हातात असलं की तिचं मन ताळ्यावर असे. घर खुललं होतं. जाणारे-येणारे मान वळवून बघत होते. तिच्या कामात कसूर नव्हती.

आत आली तर आईने चहा करून ठेवलेला. दोन कप.

"मी येतेय ते कळलं तुला?"

"हं. घे की."

ताईने कप उचलला. तो गार होता, आणि अर्धा.

शनिवारी आई नंबर बघायला म्हणून ओट्यावरून उतरली. तिसरी पायरी, मग सरळ मधल्या पायरीवर पाय, मग पहिली. टुणटुणीत. हात कठड्यालासुद्धा नाही.

ताई बघतच राहिली. "आई! तू मधल्या पायरीवर पाय ठेवलास."

"मग? तूच म्हणालीस ना, चुकवायचं कारण उरणार नाही." आई आकड्यांवरून बोट फिरवत होती. "छान दिसतात गं. आता रिकामी आहे ती."

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवरा शिंपी, बायको शाळेत शिकवणारी, दोघं चाळिशीची. फाटकाशी थांबली. ताई ओट्यावरून त्यांचे चेहरे वाचत होती, आणि तिला जे हवं होतं तेच तिथे उमटलं: दोघांनी एकमेकांकडे बघितलंच नाही, सरळ कडी काढली. पायऱ्या चढली. एक, दोन, तीन.

तासाभरात ठरलं. दलालाने ताईला बाजूला घेऊन हात जोडले. "सहा महिने मी डोकं आपटतोय, आणि तुम्ही आठवड्यात! जादू आहे तुमच्या हातात."

"जादू नाही हो. घासपूस."

निघताना शिंप्याची बायको आतल्या खोलीत उभी राहून सावकाश गोल फिरली. "एक सांगू का ताई? आम्ही खूप घरं बघितली. प्रत्येक घरात शिरलं की वाटायचं, आपल्या आधी इथे कुणीतरी आहे. हे पण एकदा बघून गेलो होतो, तुम्ही रंग द्यायच्या आधी. फाटकातूनच परत फिरलो." ती हसली. "आज कसं अगदी मोकळं वाटतंय. कुणीच नसल्यासारखं."

ताईचा हात दाराच्या कडेवर होता. तो तिने काढून घेतला.

आई निघाली ती रडली नाही. ताईला धास्ती होती, अडून बसेल, उंबऱ्याशी रेंगाळेल. तसं काही नाही. किल्ल्या शिंप्याच्या बायकोच्या हातात ठेवल्या, दोन गाठोडी आणि लोकरीची टोपली घेतली आणि गाडीत मागच्या सीटवर एका बाजूला सरकून बसली. ताई पुढे बसली. महिना संपायला अजून नऊ दिवस होते. तिला मनापासून बरं वाटलं.

तळमजल्यावरची खोली तिने आधीच लावून घेतली होती. दाराशी उंची जरा जास्त होती म्हणून मिस्त्रीने एक पायरी करून दिली होती. एकच. खाणीतून आणलेला नवा दगड, चारी कडा धारदार. पाणसळ ठेवून बसवलेला. काल संध्याकाळी ताईने स्वतः त्यावरून तळहात फिरवला होता: काचेसारखा सपाट. मग दाराला कुलूप लावून ती वर गेली होती.

आई दारापाशी आली. थांबली. काहीतरी गुणगुणली, पायरीच्या गाण्याची शेवटची ओळ तेवढी. मग साडी घोट्यावर उचलून तिने लांब ढांग टाकली आणि पायरी ओलांडून आत गेली.

"अगं आई, ही नवी आहे! हिच्यावर पाय ठेव की."

"असू दे," आतून आई म्हणाली. "सवय."

सवयच. ताई स्वतःशी हसली. टोपली उचलायला वाकली, आणि वाकलेलीच आहे म्हणून तिनेही सवयीने दगडावर तळहात टेकवला.

उन्हाने दगड कोमट झाला होता.

तिने हात सावकाश पुढे नेला. टाचेपाशी काहीच नाही. चवड्यापाशी काहीच नाही.

अंगठ्याच्या जागी तिचं बोट किंचित खाली गेलं.

"आलीस का?" आतून आईने विचारलं.

ताईने टोपली उचलली, साडी घोट्यावर धरली, आणि पायरी ओलांडली.