हर्षाचा डब्बा

गोंदियाच्या फलाटावर माझ्या घनश्यामच्या हातातली प्लास्टिकची थैली फुटली. थैलीत समुद्राचं खारं पाणी आणि पाण्यात एक मऊ कोरल. हौसेनं मुंबईहून छातीशी धरून आणलेलं. पाणी धारेनं गळत होतं आणि माझा इंजिनीअर पोरगा धारेकडे बघत उभा. बाजूला एक पोरगी नुकतीच जेवण आटोपून डब्बा पुसत होती. तिनं तोच पुढे केला.

"टाका यात. का मुहूर्त पाहून राहिले?"

घरी डब्बा आला तेव्हा झाकणावर कोरलेलं नाव मी वाचलं. मला अक्षरं जोडून जोडून वाचावी लागतात, पण 'हर्षा' वाचायला वेळ लागला नाही.

कोरल म्हणजे काय, तर रानातल्या सात्यासारखं, अळंबीसारखं. खाली दांडा, वर छत्री, छत्रीवर बारीक बारीक बोटं. काचेच्या टाकीत सोडलं तर बोटं आत गेली, छत्री मिटली, अंगावर मेणासारखी साय आली.

"मेलं ते. फेक," मी म्हटलं.

"नाही आई, कात टाकून राहिलं. पाणी हलतं ठेवलं की उघडते आपोआप."

संध्याकाळी हर्षा फलाटावर विचारून घेतलेल्या पत्त्यावर डब्बा मागायला आली. आमगावला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची, रोज रेल्वेनं जाणंयेणं. टाकीत पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

"माझ्या डब्यात वरणाचं तेल राहिलं असन... त्यानंच झालं ना?"

घनश्यामनं तिच्याकडे पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं.

"सांगता येत नाही," म्हणाला.

मघाशी मला कात टाकतं म्हणाला, आणि आता सांगता येत नाही! मी जीभ चावून आत गेले.

मग ती रोजच यायला लागली. लोडशेडिंगचे दिवस. लाइन गेली की पंप बंद, पाणी थांबायचं. मग दोघं टाकीच्या दोन बाजूंना बसून मगानं पाणी हलवायची.

"जोरात नको... हळू."

"असं?"

"थोडं... काठानं."

"हात धरून दाखवाले लाज वाटते का तुमाले?"

माझा पोरगा कानापर्यंत लाल. कोरल बरं म्हणायचं, ते निदान कात तरी टाकत होतं.

"काकू, माझा डब्बा?" ती जाताना विचारायची.

"रिकामा कसा देऊ, बाई? आमच्यात देत नाहीत. काही गोडधोड होऊ दे."

एक दिवस पाणी हलवता हलवता ती म्हणाली, "रविवारी बालाघाटचे पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले."

मी स्वयंपाकघरातून कान लावला.

"चांगलं आहे," घनश्याम म्हणाला.

माझी पोळी तव्यावर जळाली.

शनिवारी सकाळी कोरल उघडलं. सगळी बोटं बाहेर, पाण्यात डुलत. आणि या शहाण्यानं काय करावं? टाकीवर टॉवेल टाकला. हर्षा आली तरी तो टॉवेलापुढेच उभा. मी सरळ गेले आणि टॉवेल ओढला.

हर्षा बघतच राहिली. "झाकलं काऊन?"

"ते... तुमच्या डब्यानं काही झालंच नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या."

हर्षानं टाकीच्या काचेवर बोट ठेवलं. डोळे न उचलता म्हणाली, "हे माझ्या बाबाले सांगता येईन? का तिथंई सांगता येत नाही?"

घनश्यामनं माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि घडी घालायला लागला. अशानं तर बालाघाटवाले वरात घेऊन येतील.

रविवारी पाहुण्यांच्या आधी मी तिच्या दारात उभी होते. घनश्याम मागे, इस्त्रीच्या शर्टात. तिच्या आईनं डब्बा हातात घेऊन झाकणावरचं नाव वाचलं.

"हा तं आमच्या हर्षाचा डब्बा आहे."

"हो," मी म्हटलं. "उघडा."

आत काठोकाठ साखर होती. ती माउली साखरेकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिच्यामागून हर्षाचे बाबाही दारात आले. मी बाजूला सरले आणि पोराला कोपरानं ढोसलं.

"आता बोल. नाहीतर इथंही टॉवेल ओढीन."

तो बोलला. अडखळत, पण बोलला. आणि दाराआड बांगड्या वाजल्या.