मागचा डावा टायर

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर घ्या, नाही पटली तर हसून सोडून द्या. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो शंभू आजही मुळशी तालुक्यातल्या भरे गावात राहतो. आणि जिथे घडली तो पिरंगुटचा घाट तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ओलांडला असेल.

आधीच सांगून ठेवतो, अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. पिंपळ नाही, विहीर नाही. मार्गशीर्षातली टळटळीत दुपार होती. घाटात डंपरांची रांग लागली होती आणि शंभू गाडीत एकटा होता...

निदान त्याला तसं वाटत होतं.

पण त्याआधी गाडीबद्दल सांगायला हवं.

शंभूच्या घरची थोडी जमीन विकली गेली होती आणि उरलेल्या जागेत खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. घरात दोघे भाऊ. थोरला भिकू, पंचक्रोशीत नावाजलेला पैलवान. धाकटा शंभू, त्याला तालमीच्या मातीपेक्षा पेट्रोलचा वास प्यारा. हातात चार पैसे आल्यावर त्याने एक गाडी घेतली. दिसायला लहान, पण इंजिन टर्बोचं. पाय दिला की पाठ सीटला चिकटायची.

फक्त कंपनीने दिलेली चाकं त्याला आवडली नाहीत. पैलवानाला शाळकरी पोराच्या चपला घातल्यासारखं वाटतंय, असं त्याचं म्हणणं.

भूगावात रत्नदीपचं टायरचं दुकान आहे. तो शंभूचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांची आकड्यांवरून रोज हुज्जत चालायची. टायरवर आकडे लिहिलेले असतात ना, त्यातला पहिला टायरची रुंदी सांगतो आणि शेवटचा आतल्या चाकाचा आकार. कंपनीचा टायर एकशे पंच्याण्णव रुंद होता आणि चाक सोळा इंची. शंभूला चाक सतरा इंची हवं होतं आणि टायर दोनशे पंधराचा. रत्नदीप म्हणे, दोनशे पाचवर थांब, नाकापेक्षा मोती जड करू नको. इतका रुंद टायर गाडीत वजन बसलं की वरच्या पत्र्याला घासणार.

पण हौसेला मोल नसतं. शंभूने दोनशे पंधराच चढवायला लावले.

मग घासतंय का बघायला गाडीत वजन हवं होतं. भिकू होताच तिथे. पुढच्या सीटवर त्याला अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून तो मागे बसला, डाव्या बाजूला. गाडी त्या अंगाला खाली गेली. शंभूने ती घाटापर्यंत नेली, उजव्या वळणावर घेतली, आणि...

खर्रर्रर्र.

मागच्या डाव्या चाकातून.

नंतर त्या जागेवर शंभूचे दोस्त बसवून पाहिले. कुणाच्याही वजनाने टायर घासला नाही. घासायचा तो फक्त भिकूच्या. रत्नदीप म्हणाला, आता तरी बारीक टायर घाल. भिकूला मात्र ही गंमत फार आवडली होती.

"ऱ्हाऊ दे रं," तो म्हणाला. "मी बसलोय ह्ये गाडीला कळलं पायजे."

झालं. तो आवाज घरचाच होऊन गेला. घाटात टायर खर्रर्र वाजला की भिकू मिशीवर हात फिरवायचा. शेजारी बसलेली त्याची बायको, साधनावहिनी, तोंडाला पदर लावून हसायची. पुढे शंभूही हसायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

मग भिकूच्या पोटात गाठ निघाली.

बावधनच्या पुढे एका दवाखान्यात उपचार सुरू झाले. न्यायला-आणायला शंभू आणि त्याची गाडी. घाट तोच, जागाही तीच, मागे डावीकडे. आता भिकू पुढच्या सीटवर आरामात मावला असता, पण तो तिथे बसायला तयार नव्हता.

तो वाळत चालला होता. गळ्याभोवती शर्टाची कॉलर सैल झाली, मग बोटातली अंगठी निघून पडायला लागली.

आणि टायरचा आवाज बारीक होत गेला.

आधी खर्रर्र. मग नुसता खर्र. मग एका सकाळी उजवं वळण आलं...

काहीच नाही.

भिकूने वळण संपेपर्यंत वाट पाहिली. मग तो आपल्या मनगटाकडे बघत म्हणाला,

"टायर वाजंना झालाय, शंभ्या."

डॉक्टरांनी नको ते सांगितलं तेव्हाही शंभू रडला नव्हता. त्या दिवशी त्याला समोरचा रस्ता दिसेना.

दुसऱ्या दिवशी तो रत्नदीपकडे गेला आणि मागे आणखी रुंद टायर टाकायचे म्हणाला, दोनशे पंचवीसचे. रत्नदीप उखडलाच. लोक घासू नये म्हणून टायर बदलतात, तू घासावा म्हणून बदलतोयस, डोकं ठिकाणावर आहे का, असं बरंच काही बोलला. शंभूने सगळं ऐकून घेतलं आणि मग कारण सांगितलं.

रत्नदीपने गोदामातून टायर काढले आणि स्वतःच्या हाताने चढवले.

पुढच्या फेरीला घाटात पुन्हा आवाज आला. खर्रर्र. भिकू दचकला, मग हसला, हसता हसता त्याला ठसका लागला. वहिनी त्याची पाठ चोळत होती.

"आलं का न्हाई वजन माघारी?" तो म्हणाला.

"आलं की दादा," शंभू म्हणाला, आणि आरशात बघायचं त्याने टाळलं.

गणपती उठले आणि भिकू गेला.

शंभूने गाडीवर कापड टाकलं. बरेच दिवस तिला हात लावला नाही. शेवटी मार्गशीर्षात काही कामासाठी पुण्याला जाणं भाग पडलं, जाताना घाटात काही वाजलं नाही, आणि परत येताना ती दुपार आली. घाटात तो एकटा. उजवं वळण...

खर्रर्र.

त्याने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. उन्हाचा एक पट्टा पडला होता, बस्स.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला समजावत तो घरी आला. टायर रुंद आहे, तो घासणारच. पण मनाला काही पटेना. दोनशे पंचवीसचा झाला तरी रिकाम्या गाडीत तो घासत नाही, हे टायर चढवल्यावर रत्नदीपनेच तर बघून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रत्नदीपने गाडी उचलून स्प्रिंग पाहिली, बेअरिंग पाहिलं. सगळं ठीक होतं. तरी त्याने दोनशे पंचवीसचे टायर उतरवले आणि जुने दोनशे पंधराचे चढवले. आता रिकामी गाडी घासली तर माझं नाव बदल, असं तो ठणकावून म्हणाला.

शंभू निघाला. घाट आला. त्याने खिडकीची काच खाली केली.

उजवं वळण...

खर्रर्रर्रर्र.

लांब. जाड. अगदी पूर्वीसारखा.

त्याने गाडी कडेला घेतली. मागून डंपरवाले हॉर्न मारत होते, ते त्याला ऐकूच येईनात. आधी फक्त भीती होती. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. हा टायर एकाच माणसाच्या वजनाने घासायचा, आणि तेही तो धडधाकट असताना. आजारी भिकूला हा टायर वाजवता येत नव्हता.

म्हणजे मागे जो कोणी बसला होता, त्याचं वजन परत आलेलं होतं.

सगळं.

शंभू स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. दादा बरा झाला, दादा बरा झाला, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्यानंतर त्याला गाडी काढायला कारणं सापडू लागली. कधी भूगावला पाहुण्यांकडे, कधी उगाच बावधनपर्यंत. कुणाला काही सांगितलं नाही. एकदा वहिनीला पुण्याला सोडायचं होतं. ती नेहमीसारखी मागे उजवीकडे बसली. वळणावर टायर वाजला. शंभूने भीत भीत आरशात पाहिलं.

वहिनी ओरडली नाही. तिने सीटवर पसरलेला पदर गोळा करून मांडीवर घेतला आणि ती खिडकीकडे थोडी सरकून बसली.

असे दोन-तीन महिने गेले.

मग एक दिवस रत्नदीपचं लक्ष टायरकडे गेलं. मागच्या डाव्या टायरची बाहेरची कड पार सोलून निघाली होती, आतली तार दिसत होती. बाकीचे तीन टायर चांगले होते. त्याने शंभूला सरळ सांगितलं, हा घाटात फुटेल आणि गाडीत वहिनी असेल. नवा दोनशे पंधराचा टाकलास तर त्याचीही तीच गत होईल. कंपनीची जुनी चाकं काढ, एकशे पंच्याण्णववर ये, तो कशानेच घासणार नाही.

शंभूला नेमकं तेच नको होतं. आवाज गेला तर दादा गेला. एकदा त्याला खांदा देऊन झाला होता, दुसऱ्यांदा द्यायची ताकद त्याच्यात नव्हती. त्याने साफ नकार दिला.

रत्नदीपने मग वहिनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरून जुनी चाकं उतरवून घेतली आणि ती शंभूसोबत गाडीत बसून भूगावला आली. दुकानासमोर तिने त्याला बाजूला घेतलं.

"भावजी, तुमी रुंद टायर टाकला त्ये त्यांना पयल्याच दिशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "गाडीत बसाय आधी त्यांनी टायरवरनं हात फिरवला. मला म्हनलं, शंभ्यानं मोठा टायर टाकलाय. तू काय बोलू नगं. त्याला बरं वाटतंय."

शंभूने गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं.

"आन म्हनलं, मी गेल्यावर त्याला बारीक टायर टाकाय लाव. न्हाईतर येड्यावानी तसाच फिरंल."

इतके दिवस शंभूला वाटत होतं, आपण दादाला फसवून सुखात पाठवलं. आणि दादा मात्र मरणाच्या दारात बसून धाकट्याचं मन राखत होता. शंभूने रत्नदीपकडे बघून मान डोलावली.

कंपनीची चाकं चढली. गाडीला पुन्हा शाळकरी पोराच्या चपला आल्या. दोघे भऱ्याकडे निघाले.

घाट सुरू झाला. वहिनीचा हात सीटच्या मधोमध टेकलेला होता. शंभूने मुद्दाम गाडी जरा जोरात वळणावर घेतली...

काही नाही.

इंजिनाचा आवाज. वारा. मागे कुठेतरी एक हॉर्न.

पुढचं वळण. तिथेही काही नाही.

"वाजला न्हाई," वहिनी म्हणाली.

"न्हाई."

मग मागून अगदी हळू आवाज आला,

"भावजी... त्ये तितंच उतरलं आसत्याल का वो? दुकानापाशी?"

चाकं बदलायला गाडी उचलली होती. चारही दारं उघडी होती. नंतर दोघे बसले आणि निघून आले. तिसऱ्यासाठी कुणी थांबलंच नाही.

त्याने जागा मिळताच गाडी वळवली.

रत्नदीप दुकानात हात धूत होता. गाडी परत आलेली बघून त्याला वाटलं, नट सैल राहिला असावा. शंभू उतरला. त्याने मागचं डावं दार उघडलं आणि हात पुढे करून उभा राहिला, दवाखान्याच्या दारात भावाला आधार द्यायला उभा राहायचा तसा. वहिनी आत आपल्या कडेला अंग चोरून बसली होती. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक बघायला लागले.

शंभूला बराच वेळ काही जाणवलं नाही. मग शंभूने दार लावलं आणि तो निघून गेला.

रत्नदीपने काय पाहिलं ते त्याने फार दिवसांनी सांगितलं. दार उघडं असताना, शंभूचा हात तसाच पुढे असताना...

गाडी डाव्या अंगाला खाली गेली होती.

एकदम नाही. आधी थोडी, मग पूर्ण. जड माणूस दाराला धरून बसतो तशी. आपल्याच डोळ्यांवर त्याचा आजही भरवसा नाही, पण त्या संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं, हे खरं.

घाटात पुन्हा कधी आवाज आला नाही. येणारही नाही. बारीक टायर कुणीही बसलं तरी घासत नाही. मागे दादा आहे की नाही, हे कळायला शंभूला आता काही मार्ग उरलेला नाही.

आजही तो वहिनीला घेऊन घरी आला की ती तिच्या बाजूने उतरून आत जाते. शंभू गाडीला वळसा घालून येतो, मागचं डावं दार उघडतो आणि हात पुढे करून उभा राहतो. खोल्यांमधले भाडेकरू आधी कुजबुजायचे, आता तेही सवयीने आपापल्या कामाला लागतात.

तो उभाच असतो. आवाज नाही, हालचाल नाही...

दार कधी लावायचं, हे त्याला अजून कळत नाही.