खारतळ्याचं पाणी मागे का जातं

खारतळे गावात पाहुणा आला की त्याला कालव्याच्या धक्क्यावर उभं करत आणि म्हणत, "आता नुसतं पाण्याकडे बघा." समोरून माडांहूनही उंच मालवाहू जहाज यायचं. पाहुणा आपसूक मागे सरायचा, कारण एवढं धूड आलं म्हणजे पाणी उसळून अंगावर येणार असं कोणालाही वाटेल. व्हायचं उलटंच. जहाज समोर आलं की काठचं पाणी गपचूप मागे जायचं, चिखल उघडा पडायचा, होड्या कलंडायच्या. जहाज पुढे सरकलं की तेच पाणी फुत्कारत परत यायचं.

जहाज येतं तेव्हा पाणी का जातं? गावातल्या प्रत्येकाने हे पाहिलं होतं, पण कारण कोणी सांगत नव्हतं. केतकी पागधरेला तर त्याची फिकीरच नव्हती. तिचे डोळे पाण्यावर नसायचे, जहाजावर असायचे.

खारतळे म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला हा कालवा. डोंगरापलीकडच्या नव्या बंदराकडे जहाजं नेण्यासाठी तो खणला होता. केतकीचे बाबा काठच्या खडकांना चिकटलेली कालवं (शिंपल्यांतले जीव) काढून विकायचे. आणि तिची आई 'नीलवेळ' नावाच्या जहाजावर अधिकारी होती. नीलवेळ कालव्यातून जायची ती थेट गावासमोरून, पण थांबायची कधीच नाही. कालव्यात जहाज थांबवायला परवानगी नव्हती.

फोनवर आई रोज दिसायची, मोठी आणि स्वच्छ. जहाजाच्या कठड्याशी उभी असलेली आई मात्र नखाएवढी दिसायची. तरी केतकीला ती नखाएवढीच हवी असायची. कारण तेव्हा दोघींच्या मधे फक्त पाणी असायचं. हात हलवून होतंय न होतंय तोच जहाज वळणाआड जायचं.

त्या दुपारी नीलवेळ येणार होती. बाबा खडकांकडे गेले होते. केतकीने त्यांची लहान होडी सोडली. फार आत जायचंच नव्हतं तिला. थोडं पुढे गेलं तर आईचा चेहरा दिसेल, एवढाच हिशेब.

"केतकी, परत फिर," काठावरून आवाज आला.

ती कुर्ली होती. पाण्याची पातळी मोजायला एका संशोधन संस्थेने काठावर ठेवलेला सहा पायांचा, बोलणारा यंत्रमानव. चालायची आडवी, म्हणून पोरांनी तिला हे खेकड्याचं नाव दिलं होतं. केतकीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नीलवेळचं नाक समोर आलं आणि होडीखालचं पाणी सरकलं. होडी आधी जहाजाकडे ओढली गेली, मग चिखलात रुतून एका कुशीवर पडली. केतकी होडीतल्या होडीत आपटली. उठेपर्यंत परतणाऱ्या लाटेने होडी उचलून काठावर भिरकावली. केतकी चिखलाने माखली, कोपर सोलून निघालं. मान वर केली तेव्हा जहाज वळणावर होतं. आई तिला दिसलीच नव्हती.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"तू पडलीस ते मी वरून पाहिलं," ती म्हणाली. "उठलीस की नाही ते दिसायच्या आत आम्ही पुढे गेलो होतो. मला जहाज थांबवता येईना."

केतकीला वाटलं होतं आई रागावेल. ते सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कुर्लीजवळ जाऊन बसली. "पाणी मला जहाजाकडे का ओढत होतं?"

"ओढत नव्हतं. पाणी घाईत होतं," कुर्ली म्हणाली. "समज, तुमच्या बोळातून एक मोठी गाडी चाललीय. समोरची माणसं गाडीच्या मागे कशी जातील?"

"बाजूने. भिंतीला घासून."

"आणि गाडी थांबणार नसेल तर?"

"पळत जावं लागेल."

"कालव्यात तसंच होतं. जहाज पुढे आलं की पुढच्या पाण्याला मागे जावं लागतं, कारण मागे जागा रिकामी होते. खुल्या समुद्रात त्याला हवी तेवढी वाट असते. इथे जहाज आणि काठ यांच्या मधे थोडीशीच फट उरते. तेवढ्याच पाण्याला अरुंद वाटेने जायचं म्हणजे वेगाने धावावं लागतं. याला म्हणतात प्रतिप्रवाह (जहाजाच्या उलट दिशेने धावणारं पाणी)."

"धावू दे की. पण ते खाली का जातं?"

"धावायला बळ लागतं. ते कुठून आणायचं? पाण्याकडे एकच शिल्लक असते, आपली उंची. उंचीवरच्या पाण्यात स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली शक्ती) असते. ती मोडून पाणी गतिज ऊर्जा (वेगामुळे मिळणारी शक्ती) घेतं. जितका वेग वाढतो, तितकी उंची घटते. जहाजाच्या दोन्ही अंगांचं पाणी खाली बसतं, मग काठचं पाणी तिकडे घसरतं. त्याच्यासोबत तुझी होडी. जहाज पुढे गेलं की घाई संपते आणि पाणी आपली उंची परत घेतं. ती परतणारी लाट."

केतकी म्हणाली, "मला हे बघायचंय."

बाबांनी छपराची जुनी पन्हळ उतरवून दिली. तिची दोन्ही तोंडं मातीने बंद करून केतकीने ती पाण्याने भरली. पन्हळीत जेमतेम मावेल असा लाकडाचा ठोकळा दोरीने ओढला. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी खरंच खाली गेलं, पन्हळीचा ओला पत्रा उघडा पडला. जोरात ओढला तर जास्त. हळू ओढला तर पाणी हललंसुद्धा नाही असं वाटलं.

"कुर्ली, निम्म्या वेगाने ओढला तर उंची निम्मीच घटायला हवी ना? इथे तर त्याहून कितीतरी कमी घटते."

"कारण ही शक्ती वेगाच्या वर्गाने (वेगाला वेगानेच गुणून) वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती चौपट लागते. म्हणून वेग निम्मा केला, की पाणी साधारण पावपटच उतरतं."

बाबा बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे जहाजं हळू गेली तर माझ्या खडकांवरची कालवं खरवडून निघायची नाहीत. काठसुद्धा ढासळायचा नाही."

केतकीच्या मनात आणखी एक गोष्ट आली होती. ती तिने सांगितली नाही.

बाबांनी सरपंचांना गाठलं, सरपंचांनी कालव्याच्या वाहतूक अधिकाऱ्यांना बोलावलं. सामंतसाहेब आले. ते भले गृहस्थ होते, पण गडबडीत होते. "प्रत्येक गावाने हळू जा म्हटलं तर जहाजं पोचायची कधी?" त्यांनी विचारलं.

केतकीने पन्हळ त्यांच्यापुढे ठेवली आणि दोरी हातात दिली. सामंतांनी ठोकळा जोरात ओढला, पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं. मग हळू ओढला. मग स्वतःहूनच पुन्हा ओढला. कुर्लीने गेल्या वर्षभरातल्या पातळ्या सांगितल्या. शेवटी सामंत म्हणाले, "एक हंगाम करून बघू. खारतळ्याच्या वळणाआधीपासून निम्मा वेग. पाणी खरंच कमी उतरलं तर पुढचं बोलू." मग त्यांनी केतकीकडे पाहिलं. "तुला यातून काय हवंय, बाळ? तुझी तर कालवं नाहीत."

"माझी आई नीलवेळवर आहे," केतकी म्हणाली. "निम्म्या वेगाने गेली तर ती दुप्पट वेळ दिसेल."

बाबांनी मान दुसरीकडे वळवली.

नीलवेळ परत आली ती थंडीच्या सुरुवातीला. सकाळची वेळ होती. जहाज वळणाआधीच मंदावलं आणि संथपणे गावासमोर आलं. धक्क्याची एखादी ओली पायरी उघडी पडली तेवढीच, होड्या नुसत्या डुलल्या. कुर्लीने पाण्यात पाय घालून पातळी मोजली. "हिशेबापेक्षा थोडी जास्त उतरली," ती म्हणाली. "आज भरतीही कमी आहे, म्हणजे वाट आणखी अरुंद. पुढच्या वेळी ताडून बघू."

केतकीचं तिकडे लक्ष नव्हतं. कठड्याशी आई उभी होती. आधी दोघींनी नेहमीसारखे घाईघाईने हात हलवले. मग लक्षात आलं की घाई नाहीये. आईने हात खाली घेतला, कठड्यावर कोपरं टेकली आणि नुसती बघत राहिली. तिने केस कापले होते. ते फोनवर तिने सांगितलं नव्हतं.

केतकीला एकदम खूप काही बोलावंसं वाटलं, पण इतक्या लांबून ऐकू गेलं नसतं. तिने बाही वर सरकवून भरून आलेलं कोपर दाखवलं. आईने ते पाहिलं असावं. तिने डोळे पुसले.

"कुर्ली," जहाजावरची नजर न काढता केतकीने विचारलं, "पाण्याला घाई करायला न लावणारं जहाज बनवता येईल का? काठाजवळ येऊन उभं राहणारं?"

"वेगळ्या आकाराचं करावं लागेल. किंवा इथे कालवा रुंद करावा लागेल. दोन्ही अवघड आहे, अशक्य नाही. कोणीतरी आधी खूप पन्हळी भरायला हव्यात."

"मी भरीन."

नीलवेळ वळणावर पोचली. बाबांनी केतकीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, शाळेची वेळ झाली."

"थांबा ना बाबा," ती म्हणाली. "अजून दिसतेय."