नुसती ठेवलेली बॅटरी

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खोटं बोलतं, बॅटरी बोलत नाही. म्हणून ताई फोनवर म्हणाली, बॅटरी उत्तम चाललीय, तू कशाला हेलपाटा घालतोस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दाजींचं श्वासाचं मशीन त्या बॅटरीवर चालतं. तिच्याकडे वीज निम्मा दिवस नसते, आणि ती बॅटरी, मीच बसवलेली, एव्हाना भंगारात जायला हवी होती.

गेलो. वीज नव्हतीच, पण मागच्या खोलीत मशीन फुस्स-फुस्स करत मजेत चालू. बॅटरीची झाकणं उघडली. आतल्या प्लेटा झडून तळाशी राखाडी गाळ झालेला, ॲसिड म्हणजे निव्वळ पाणी. तरी मीटरचा काटा भरल्या बॅटरीचा! मला वाटलं, दाजींनी पलीकडच्या लाइनच्या तारेवर आकडा टाकलाय. सगळ्या वायरी भिंतीला नाक लावून तपासल्या. आकडा नव्हता. उलट चार्जरचीच वायर जळून तुटलेली, आणि तुटल्या टोकावर धूळ.

हे कसं पटावं? लोकांना वाटतं बॅटरीत वीज भरून ठेवतात. आत वीज नसतेच मुळी. चार्जिंगला लावली की शिसं आणि ॲसिड रूप पालटतात; मशीन मागायला लागलं की उलटे पालटतात आणि वीज परत करतात. घातलं तेवढंच निघतं, त्यातही थोडी घट. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ताई बॅटरीला खेटून स्टुलावर बसली होती. म्हणे इथं बरं वाटतं, मशीनवर लक्ष राहतं. तळहात बॅटरीवर. मनगट इतकं वाळलं होतं की घड्याळ कोपराकडे घसरत होतं. मी नवी बॅटरी आणतो म्हटलं तर अंगावर आली. हिला हात लावायचा नाही, नव्याचा काय भरवसा, म्हणाली.

ती चहा टाकायला गेली तेव्हा दाजींनी मास्क काढला. एरवी एका वाक्यासाठी ते एवढं सोसत नाहीत.

"घेऊन जा ही," ते म्हणाले. "मी कशावर जगतोय, ते मला कळतंय."

दुसऱ्या दिवशी ताई औषधं आणायला गेल्यावर मी नवी बॅटरी जोडली आणि जुनी दुकानात आणली.

जुनी बॅटरी फोडण्याआधी आम्ही तिच्यावर दिवा लावून ठेवतो, म्हणजे उरलंसुरलं निघून जातं. सवयीने मीही लावला. दिवा लख्ख पेटला.

थोड्या वेळाने दाजींचा फोन आला. शब्दागणिक दम लागत होता. ताई औषधं घेऊन आली, खुर्चीत टेकली, आणि आता हाका मारूनही डोळे उघडत नव्हती.

मी दिव्याकडे पाहिलं. बॅटरीवरचा त्याचा चिमटा ओढून काढला.

फोनवर नुसती मशीनची फुस्स-फुस्स. मग लांबून ताईचा आवाज.

"कुणाशी बोलताय?"

मी फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. इतका घाबरलो होतो.

बॅटरी फळीवर ठेवली, मीटर जोडून ठेवला. आता हिच्यावर काही लावायचं नाही, बस्स. पण नुसती ठेवलेली बॅटरीही आतल्या आत उतरत राहते. हे मीच गिऱ्हाइकांना रोज सांगतो. संध्याकाळी पाहिलं तर काटा जरासा खाली आलेला.

चार्जर जोडला. काटा ढिम्म.

दुसरा जोडला. तेच.

मग मी स्टूल ओढलं आणि बॅटरीवर तळहात ठेवला.

काटा वर सरकू लागला.

शेजारचा घड्याळवाला शटर ओढून दारात आला. रोज आम्ही बरोबरच निघतो. निघायचं ना, त्याने विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "मी बसतो जरा."