लोखंड बाहेर ठेवा

हसू नका. आणि दिवा तेवढा राहू द्या, मग सांगते.

आमच्या प्रयोगशाळेत गार्नेटचा एक पिवळसर स्फटिक आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यात सिरियम नावाच्या धातूचे आयन मिसळलेत. निळा लेसर टाकला की ते उजळतात, आणि जितका उजेड तितकं शेजारचं यंत्र टकटक वाजतं. पण लेसरच्या प्रकाशाला पीळ देऊन सोडलं की सगळ्या आयनांचे स्पिन, म्हणजे त्यांच्यातली इवली चुंबकं, एकाच बाजूला वळतात आणि ते विझतात. यंत्र गप्प होतं. अशा वेळी जवळ लोखंड आलं तर स्पिन ढळतात, स्फटिक पुन्हा उजळतो. म्हणून दाराबाहेर ट्रे ठेवलाय. किल्ल्या, बेल्ट, पिना, सगळं तिथं काढायचं आणि मगच आत यायचं.

त्या दुपारी आमच्या कामाला पैसे देणारे पाहुणे आले होते. स्फटिक विझवून दाखवला नाही, तर माझं काम बंद होणार होतं. आणि मेला काही केल्या विझेना. टक... टक... टक.

माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात आमचे मिस्त्रीकाका उभे होते, यंत्रांची देखभाल करणारे.

"काका, खिसे रिकामे करा!"

त्यांनी केले. मग बेल्ट काढायला लावला, मग बूट. एका हातानं पँट धरून ते पाहुण्यांसमोर मोज्यांवर उभे राहिले. बेल्ट मी स्वतः ट्रेमध्ये आपटून आले. तरी टकटक चालूच.

"माझं नाही मॅडम ते," काका हळूच म्हणाले. "हिच्या कॅलिपरचं असेल..."

काकूंना मी ओळखत होते. अधू पायाला लोखंडी कॅलिपर बांधून रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायच्या, भिंतीजवळच्या स्टुलावर टेकायच्या.

"मग त्यांना बाहेर बसवा ना! धर्मशाळा आहे का ही?" मागे न बघताच मी खेकसले.

"ती गेली, मॅडम. थंडीत... पण डबा घेऊन येते अजून."

रोज शेजारी काम करणारा माणूस, आणि मला पत्ताच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका रिकाम्या स्टुलाकडे वळले. "चल गं. आपला त्रास होतोय इथं."

ते दाराकडे निघाले तशी टकटक विरळ होत गेली. दार लागलं, आणि स्फटिक विझला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी निर्लज्जासारखी हसून त्या घेतल्यासुद्धा.

काका परत आले नाहीत. फोन उचलत नाहीत. बेल्ट अजून ट्रेमध्येच आहे. येता-जाता मी नजर चुकवते.

काल दुपारी एकटीच होते. स्फटिक विझलेला. राहवलं नाही. स्टूल पुसलं आणि म्हटलं, "काकू, चुकलं माझं. या ना आत..."

बाहेर ट्रे खणकला.

दार उघडलं. कोणी नव्हतं. बेल्टशेजारी एक कॅलिपर नीट काढून ठेवला होता. त्याच्या चामड्याच्या वाद्या अजून कोमट होत्या.

माझ्या पाठीमागे, खोलीत, भिंत धरधरून कुणीतरी पाय ओढत चाललं होतं... मग स्टूल करकरलं.

यंत्र मात्र गप्पच होतं.