परत आलेला हात

कोल्हापुरातल्या इंगवले कलादालनात कोणतंही चित्र भिंतीवर चढण्याआधी करवेधाखाली जाई. रंगाच्या थरातले उंचसखल बारकावे वाचून हे यंत्र कुंचल्याचा दाब, वळण आणि बोटांचा कंप ओळखायचं, आणि चित्र कुणाच्या हातचं ते सांगायचं. जुन्या चित्रकारांच्या नकलांनी बाजार भरला होता, त्यामुळे गिऱ्हाईक आता मालकिणीपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवी. मालकीण मृणाल इंगवलेला त्याचा जरा रागच होता.

त्या दिवशी मात्र यंत्राने कमाल केली. हिंदुराव लोहारांचं ताजं निसर्गचित्र, रंगाचा वासही अजून गेला नव्हता, आणि करवेधाने चित्रकार सांगितला ज्ञानदेव इंगवले. म्हणजे मृणालचे वडील, आबा. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती.

मृणालचं डोकं तडकलं. हिंदुराव आणि आबांचं जन्मात पटलं नव्हतं. आबा बारीक कुंचल्याने नदीवरचं धुकं रंगवायचे, हिंदुराव सुरीने रंग थापायचे, आणि दोघंही एकमेकांच्या चित्रांना नावं ठेवायचे. पक्षाघातानंतर हिंदुरावांचं हे पहिलंच प्रदर्शन. म्हातारा आबांची नक्कल करतोय, की कुणाकडून करून घेतोय? चित्र लावलं तर दालनाची अब्रू जाणार होती, परत पाठवलं तर हिंदुराव कायमचे संपणार होते. तिने त्यांना बोलावून घेतलं आणि समोर बसून चित्र काढायला सांगितलं.

हिंदुरावांना तिचा संशय कळला, तरी ते निमूट बसले. कॅनव्हासवर पंचगंगेचा घाट उमटू लागला. हात त्यांचा होता, वळण आबांचं. हे कुठे शिकलात, असं तिने विचारलं.

"शिकतोय कुठला? हात लुळा पडला होता गं. दवाखान्यात हातात स्मृतिमोजा घातला. तो बोटं हलवतो, मेंदू त्याच्यामागनं शिकतो. डॉक्टर म्हणाले, चित्रकाराला चित्रकाराच्याच हालचाली देऊ. कुणाच्या, ते काय मी विचारलं नाही."

मृणालला आठवलं. रुग्णांसाठी म्हणून त्याच दवाखान्याने आबांच्या चित्रांच्या करवेध-नोंदी मागितल्या होत्या, आणि तिने पुण्याचं काम समजून सगळ्या देऊन टाकल्या होत्या. त्या कुणाच्या बोटांत जाणार, हे तिनेही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने सगळं सांगून टाकलं.

हिंदुरावांनी आपला पंजा उलटसुलट करून पाहिला.

"माझा हात परत आला, असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. "आता चित्राखाली नाव कुणाचं घालणार तू?"

जन्मभर टापटीप राहिलेल्या हिंदुरावांनी शेजारचं फडकं तसंच ठेवलं आणि ओला कुंचला डाव्या गुडघ्यावर पुसला. ही आबांची खोड. त्या खोडीपायी आई त्यांच्या विजारी धुताना रोज करवादायची. पण करवेधाला कळतं ते फक्त चित्रातलं. आबांच्या गुडघ्याची नोंद कधी कुणी केली नव्हती.

"आबा" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिने तो गिळला. पण हाक मारली असती, तर हिंदुरावांनी ओ दिली असती का?